आधी दुकानाची घडी, मग यंत्र

मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला जंजिरा आठवतो. आपले मुरुड वेगळे. ते लातूर-बार्शी रस्त्यावरचे, सोयाबीन आणि तुरीच्या आवकेवर चालणारे. बाजारभावांच्या रोजच्या तक्त्यात ‘लातूर-मुरुड’ अशी त्याची स्वतंत्र नोंद असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी जगापुढे आले, जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा अशा बाजारपेठांपर्यंतही पोचली. आता पुण्यात शिकणारा मुलगा सुट्टीत घरी येतो आणि वडिलांना सांगतो, “अण्णा, विक्रीला माणसं कशाला? हे सगळं एआय करतंय आता.”

मुलगा अगदीच चुकीचे बोलत नाही. भावाची चौकशी, मालाची यादी, थकबाकीचे स्मरण ही कामे यंत्र आज मराठीतही करू शकते. पण विक्रीची घडीच बसलेली नसेल, तर यंत्राने नेमके करायचे काय?

बियाणे, खते आणि पाइप विकणारे एखादे मध्यम दुकान डोळ्यांसमोर आणा. मालक, एक मुनीम आणि खेड्यांतून फिरणारी दोन माणसे, एवढाच कारभार. कोणी कोणत्या गावी जायचे हे ठरलेले नसते. मृगाच्या तोंडावर दोघेही एकाच मोठ्या गावात जातात आणि आडवळणाच्या गावी कोणीच फिरकत नाही. एक जण शेतकऱ्याला एक भाव सांगतो, गल्ल्यावर मालक दुसराच लावतो. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे मुनिमाच्या डोक्यात असते. त्यातला एखादा समोरच्या दुकानी कामाला लागला, की पंचक्रोशीची ओळखपाळख त्याच्याबरोबर निघून जाते. अशा दुकानात यंत्र आणले तर गोंधळ तोच राहील, फक्त त्याचा वेग वाढेल.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि ज्या दुकानांत लाल चोपडी होती तिथे संगणक आला. २०१८ पर्यंत खतविक्रीसाठी आधार क्रमांकाची खातरजमा करणारे पॉस यंत्रही आले. दोन्हींनी आपापले काम चोख केले. किती माल गेला आणि कोणी नेला हे कळू लागले. पण तीन वर्षे येणारा शेतकरी यंदा का आला नाही, याचे उत्तर त्यांपैकी एकातही नाही. ते त्या गावी जाणाऱ्या माणसाकडे असते आणि त्याला ते कोणी विचारलेले नसते.

महाराष्ट्राच्या उद्योगाने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि माल पडून राहिला. ती समजूत माणसांनी माणसांशी बोलूनच दूर व्हायची होती. पुढे १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. तेही कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत नेण्यासाठी. माल बनवणे आणि माल विकणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

मग घडी बसवायची म्हणजे काय? पहिले, गावे वाटून द्यावीत. प्रत्येक गावाला एक माणूस जबाबदार असावा. दुसरे, मोबदल्याची रीत बदलावी. नुसत्या विक्रीवर बक्षिसी दिली तर माणूस दिसेल त्याला उधारीवर माल देतो. तीच बक्षिसी पैसे हाती आल्यावर दिली, तर तो गिऱ्हाईक पारखून घेतो. तिसरे, रोजची नोंद: कोण भेटला, काय मागितले, का घेतले नाही. साधी वही पुरते. चौथे, अधिकार: सूट किती आणि कोणी द्यायची, मुदत कोणी वाढवायची, हे लिहून भिंतीवर लावावे. एक खरीप आणि एक रब्बी एवढे पाळले, की यंत्राला देण्याजोगे काहीतरी हाती येते.

कोणी म्हणेल, दोन माणसांच्या दुकानाला एवढा सोपस्कार कशाला? मला उलट वाटते. मोठ्या कंपनीत एक माणूस गेला तर दुसरा असतो. इथे एक गेला म्हणजे अर्धा धंदा गेला.

यातला चौथा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी थकबाकीचा निरोप आपोआप पाठवणारे यंत्र प्रत्येक घरी तोच मजकूर पाठवील. ज्याचे सोयाबीन शेतातच सडले त्यालाही आणि ज्याने ऐपत असून पैसे थकवले त्यालाही. या दोघांतला फरक जुन्या विक्रेत्याला ठाऊक असतो. थांबा म्हणण्याचा अधिकार त्याला दिलेला नसेल, तर चार पिढ्यांचा विश्वास एका निरोपाने तुटू शकतो. कर्जाने आधीच गांजलेल्या आपल्या भागात तर त्याचे परिणाम धंद्यापुरते राहत नाहीत.

आणि त्या विक्रेत्याचे काय? वीस वर्षांची माहिती त्याने वहीत उतरवायची आणि वही भरली की मालकाने त्याला घरी बसवायचे, असा त्याचा समज झाला तर तो खरे लिहिणार नाही. ते स्वाभाविकच आहे. म्हणून काम बदलेल पण जाणार नाही, हा शब्द मालकाने आधीच द्यायला हवा. नोंदीचे काम यंत्राकडे गेले तर या माणसाला खेड्यांत फिरायला अधिक वेळ मिळेल, हा खरा फायदा आहे.

मुलाच्या उत्साहावर वडिलांनी पाणी ओतू नये. येत्या खरिपाआधी दोघांनी विक्रेत्यांना बरोबर घेऊन बसावे आणि घरातल्या कारभारणीलाही बोलवावे. अनेक घरांत उधारीचा खरा हिशेब तिलाच पाठ असतो. गावांची यादी, माणसांची नावे आणि अधिकारांचा तक्ता एवढे त्या बैठकीत ठरले, तरी कोणते यंत्र घ्यायचे याचा निर्णय पुढच्या वर्षी बराच सोपा होईल.