ऐरण जात विचारत नाही, मग योजना का विचारते?



"गेम खेळून खेळून पोरं वाया गेली," हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये रोज कानावर पडतं. वाया गेली की नाही, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. त्या गेममध्ये पोरं नेमकं करतात काय, ते आधी पाहू.

'स्कायरिम' हा गेम घ्या. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने तो २०११ साली बाजारात आणला. काल्पनिक जगात मोकळं हिंडायचं, लढायचं आणि लढाईची हत्यारंही स्वतःच घडवायची. खेळणारा कुदळ घेऊन खनिज खणतो, भट्टीत वितळवतो, कातडं कमावतो, ऐरणीवर घाव घालतो. जितकं घडवेल तितकं त्याचं कसब शंभर गुणांपर्यंत वाढत जातं. सुरुवातीला दहा वंशांपैकी एक निवडावा लागतो आणि वंशानुसार काही कौशल्यांत थोडे जास्त गुण मिळतात. पण दार कुणालाच बंद नाही. कोणत्याही वंशाचा माणूस कोणतंही काम शिकून शिखरावर जाऊ शकतो. ऐरण त्याला बापाचा धंदा विचारत नाही.

आता आपल्या खऱ्या जगाकडे या. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. का? तर धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यातून सवर्ण कामगाराला विटाळ होई! विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणणाऱ्या महारांच्या जातभाईंना गिरणीत मात्र विणकाम करता येत नव्हतं. हात कुशल होते, पण तोंड 'अपवित्र' होतं. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जात म्हणजे श्रमविभागणी हा दावाच मोडीत काढला. जातीने कामं वाटली नाहीत, कामगारच एकमेकांपासून तोडले आणि वर-खाली रचले, हा त्यांचा सिद्धांत प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असतो. प्रश्न आहे तो आज लागू करण्याचा.

आज म्हणजे कुठे? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहा. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, धोबी अशा अठरा धंद्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. पात्रतेत मात्र शब्द आहेत 'कुटुंबावर आधारित पारंपरिक व्यवसाय', आणि उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपरेचा गौरव. आपल्या देशात कुटुंबाचा पारंपरिक धंदा म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अठराव्या वर्षी, कॉलेजात असायच्या वयात, पोराच्या हातात बापाची रापी देण्याची ही सोय आहे.

कुणी म्हणेल, गरीब कारागिराला चार पैसे मिळतात, तुमच्या पोटात का दुखतं? पैसे जरूर द्या, दुप्पट द्या. आजचा कारागीर उपाशी राहावा असं कोण म्हणेल? पण ती अट काढा. न्हाव्याच्या मुलीला लोहारकामासाठी आणि ब्राह्मणाच्या मुलाला चप्पल शिवण्यासाठी कर्ज द्या, मग आम्ही त्याला कौशल्य योजना म्हणू. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमकं हेच मागितलं. कुटुंबाची अट काढा, किमान वय ३५ करा. मागणी मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी जातीची अट नसलेली स्वतःची योजना आणली. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्रातून अशी मागणी जोरात का उठली नाही?

गेमचं जग स्वर्ग आहे, असं मला म्हणायचं नाही. त्याच 'स्कायरिम'मध्ये विंडहेल्म नावाचं शहर आहे. तिथे आर्गोनियन लोकांना तटबंदीच्या आत राहायला बंदी आहे. ते बाहेर धक्क्यावर हमाली करून जगतात. खाजीट लोकांच्या तांड्याला चोर ठरवून वेशीबाहेर पाल ठोकायला लावतात. महारवाडा आणि पारध्यांचा तांडा आपल्याला वेगळा शिकवावा लागतो का? पोरांनो, खेळताना हे दिसलं पाहिजे. लिहिणाऱ्याने ते जग तसं रचलं आहे. आणि रचलेलं मोडता येतं, मग ते गेममधलं असो की मनूचं.

शेवटी चिखल्याचं बोलू. तुमसर तालुक्यातलं हे गाव मँगनीजवर उभं आहे. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या 'मॉयल'ची इथे भूमिगत खाण आहे. गेममध्ये जो हात खनिज खणतो, तोच वितळवतो, तोच घडवतो आणि तलवारही त्याचीच असते. चिखल्यात खणणारा हात खणतच राहतो. वितळवणं दुसरीकडे, घडवणं तिसरीकडे आणि नफ्याचा हिशेब चौथीकडे. खाणीतल्या कामात कमीपणा नाही. पण खणणाऱ्याच्या लेकरानेही खणायचंच, हे ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी खाणीलाही जात चिकटते.

म्हणून मोबाइल हिसकावून हा प्रश्न सुटणार नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीही आहे आणि धातुशास्त्रही. बारावीच्या पोरापोरींना तिथला रस्ता दाखवा, फॉर्म भरून द्या. विहारात पंचशील होतं, तिथेच आठवड्यातून दोन दिवस कॉम्प्युटरचा वर्ग चालू द्या. गेम खेळणाऱ्यांतून गेम घडवणारे निघू द्या. ग्रामसभेत ठराव मांडा की विश्वकर्मा योजनेतली कुटुंबाची अट रद्द करा. तिची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते, मग पहिला विरोधही तिथूनच व्हायला हवा.

काल्पनिक जगात जे कुठल्याही अनोळखी माणसाला मिळतं, ते संविधान लागू होऊन सत्तर वर्षं उलटल्यावरही आपल्या पोरांना मागावं लागतं. मागून मिळत नसेल तर संघटित व्हा आणि घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!