मुदतवाढीवर जगणारी मानसिक आरोग्यसेवा

आर्थिक वर्ष संपत आले की महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत एक ठरावीक नाट्य रंगते. मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका व समुपदेशक यांच्या करारांची मुदत संपत आलेली असते. नस्ती एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकत राहते. अखेरीस पुढच्या, वर्ष पुरे होण्याआधीच संपणाऱ्या नेमणुकीचा आदेश निघतो आणि सेवा ‘अखंड’ चालू ठेवल्याचे श्रेय शासन स्वतःकडे घेते. व्यसनमुक्ती केंद्रे चालवणाऱ्या संस्थांची स्थिती याहून बरी नाही. त्यांचे अनुदान वर्षावर्षाच्या मंजुरीवर लटकलेले असते. तात्पुरतेपणाचे हे वर्षानुवर्षे चाललेले नाटक आता थांबले पाहिजे.

या सेवेचे स्वरूप काय आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागेल. रस्ता बांधून झाला की कंत्राटदार निघून जातो; रस्ता तेथेच राहतो. मनाच्या आजारावरील उपचार अशा रीतीने बांधून हाती देता येत नाहीत. कर्जाने खचलेला शेतकरी, नवऱ्याच्या दारूने गांजलेली मोलकरीण, गिरणी बंद पडल्यावर व्यसनात बुडालेला कामगार यांना आपले दुःख एखाद्या परक्या माणसापुढे उघड करण्यास महिनोन्‌महिने लागतात. व्यसन सुटते, पुन्हा जडते, पुन्हा सोडावे लागते. या प्रवासात औषधाइतकाच ओळखीच्या माणसाचा आधार मोलाचा असतो. करार संपून तो माणूस गेला की नोंदवही मागे राहते, विश्वास मात्र त्याच्याबरोबर निघून जातो. नव्या समुपदेशकापुढे तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचे बळ किती रुग्णांत उरते?

या सेवेचा इतिहास काल-परवाचा नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सामान्य डॉक्टर व कर्मचारी यांच्यामार्फत हे उपचार खेड्यापर्यंत नेता येतात, हे त्याच दशकात दाखवून दिले. त्या अनुभवाच्या पायावर १९९६ साली चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. पुढे त्याचा विस्तार देशभर झाला; पण ज्यांच्या खांद्यांवर तो उभा आहे, ती माणसे कंत्राटीच राहिली. चाळीस वर्षांहून अधिक काळ जिची गरज संपली नाही, तिला ‘तात्पुरती’ म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

या लबाडीची किंमत कोण मोजते? ‘निम्हान्स’च्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी दहांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. व्यसनाधीनतेविषयीचा २०१९ सालचा राष्ट्रीय अहवाल सांगतो की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो. २०२३ साली महाराष्ट्रात २२ हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केल्या. देशातील कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या मोठी होती. सरकारी सेवा जेथे पोचत नाही, तेथे बुवा-मांत्रिक आणि साखळदंड पोचतात. तामिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळीने जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. श्रीमंतांना या दैवाधीनतेची झळ लागत नाही. त्यांच्यासाठी खासगी दवाखाने आणि पंचतारांकित पुनर्वसन केंद्रे आहेत. करार थकला की उपचार थकतो तो गरिबाचा.

वस्तुतः हा आता दयेचा विषय उरलेला नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या अठराव्या कलमाने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. याच कायद्याच्या एकतिसाव्या कलमानुसार लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय मान्यतेची संख्या गाठण्यासाठी शासनांना दहा वर्षांची मुदत देण्यात आली. कायदा २०१८ साली अंमलात आला. म्हणजे ती मुदत २०२८ साली संपते. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली नोंदवले की देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. कर्मचाऱ्याच्या कराराची तारीख काटेकोरपणे मोजणाऱ्या राज्यकर्त्यांना स्वतःवर बंधनकारक असलेल्या मुदतीची मात्र आठवण होत नाही!

‘पैसा नाही’ हे राज्यकर्त्यांचे नेहमीचे उत्तर. त्याची परीक्षा त्यांच्याच आकड्यांवर करावी. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची जादा भर पडेल, असा अंदाज सांगण्यात आला. ही केवळ जादा भर. मूळ उत्पन्न वेगळेच. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे आणि मादक पेयांना आळा घालणे ही राज्याची कर्तव्ये एकाच दमात सांगितली आहेत. शासनाने त्यांतून मद्याचा महसूल तेवढा उचलला आणि आरोग्य कंत्राटावर सोडून दिले. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली त्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्याचा व्यसनाशी असलेला संबंध स्थानिक शासनाने नजरेआड करू नये, ही जाण या मातीत तेव्हापासून आहे. आजही गावोगावच्या स्त्रिया ‘आडव्या बाटली’साठी मतदान घडवून दुकान बंद करतात, पण दुकान बंद झाल्यावर थरथरत्या हातांनी पिणाऱ्याने कोठे जायचे, याचे उत्तर शासनाजवळ नसते.

दुसरा युक्तिवाद कार्यक्षमतेचा. निविदा काढाव्यात, स्पर्धा घडवावी, कामगिरीनुसार करार वाढवावा वा तोडावा, असे खासगीकरणाचे पुरस्कर्ते सांगतात आणि पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखवतात. मग इंग्लंडकडेच पाहावे. २०१२च्या कायद्याने तेथील व्यसनोपचाराची जबाबदारी एप्रिल २०१३ पासून स्थानिक परिषदांकडे गेली. परिषदांनी निविदा काढल्या, केंद्राने अनुदानाला कात्री लावली, आणि स्वस्तात स्वस्त बोली लावण्याची शर्यत सुरू झाली. त्याच सरकारने नेमलेल्या डेम कॅरोल ब्लॅक यांनी २०२० व २०२१ सालच्या अहवालांत ही व्यवस्था मोडकळीस आल्याचे आणि तिच्यातील कुशल मनुष्यबळ आटल्याचे स्पष्ट सांगितले. इंग्लंड व वेल्समध्ये अमली पदार्थांच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूंची नोंद २०२३ साली ५,४४८वर गेली. दारिद्र्य आणि नव्या मादक द्रव्यांचाही यात वाटा आहे. परंतु स्पर्धेने सेवा सुधारते हा दावा तेथे टिकला नाही, एवढे निश्चित.

याउलट इटलीतील ट्रिएस्ट शहराचा धडा आहे. फ्रांको बासालिया यांनी १९७१ साली तेथील वेड्यांच्या इस्पितळाची सूत्रे घेतली आणि भिंतीआड कोंडलेल्या सुमारे बाराशे माणसांना टप्प्याटप्प्याने समाजात परत आणले. त्यांच्यासाठी वस्त्यावस्त्यांत दिवसरात्र उघडी राहणारी सार्वजनिक केंद्रे उभारली गेली. या चळवळीतूनच १९७८चा १८० क्रमांकाचा कायदा जन्मला. सार्वजनिक सेवेतील माणसांचे सातत्य हाच त्या प्रयोगाचा कणा होता.

स्वयंसेवी संस्थांच्या कार्याचा अवमान करण्याचे येथे कारण नाही. १९८६ साली पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थांनी शासन झोपलेले असताना हजारो संसार सावरले. पण संस्थेची सेवावृत्ती हे शासनाच्या अंग चोरण्याचे निमित्त ठरू शकत नाही. संस्थेने नवी वाट दाखवावी, शासनाने तिचा हमरस्ता करावा, हीच खरी विभागणी होय.

‘कायम केले की नोकर काम करीत नाहीत’ हा शेवटचा आक्षेप. कामचुकारपणावर उपाय लोकांच्या देखरेखीचा आहे, उपासमारीच्या धाकाचा नव्हे. कंत्राटामागील खरा हेतू वेगळाच असतो. ज्याचा आदेश दरवर्षी नव्याने निघायचा असतो, तो औषधांच्या तुटवड्याविषयी तोंड उघडत नाही, संघटना बांधताना कचरतो, आणि सावकारीने माणसे खचत असल्याचे अहवालात लिहिताना दहादा विचार करतो. दहा वर्षे सेवा झालेल्यांना रिक्त पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावे लागले. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मधील ‘जग्गो’ खटल्यात, कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर करून घेणाऱ्या सरकारी यंत्रणांना फटकारले.

म्हणून भूमिका स्पष्ट असली पाहिजे. आज ज्यांचे करार संपत आहेत, ते एक दिवसाचाही खंड न पाडता वाढवलेच पाहिजेत. रुग्णांना वाऱ्यावर सोडून तत्त्वाची लढाई लढता येत नाही. मात्र प्रत्येक मुदतवाढीबरोबर पदे कायम करण्याचे वेळापत्रक मागितले पाहिजे. मद्याच्या महसुलातील निश्चित वाटा कायद्याने उपचारासाठी राखून ठेवावा, तालुक्याच्या ठिकाणी मानसिक आरोग्य व व्यसनोपचाराचे पूर्णवेळ पथक असावे, त्याच्या कामावर रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि ग्रामसभा यांची देखरेख असावी, या मागण्या जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत आणि रस्त्यावर एकाच वेळी उठल्या पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात किती पदे मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, औषधे किती दिवस नव्हती, याचा हिशेब गोळा करून तो जाहीर सभेत मांडावा. शेतमजूर संघटना, कामगार संघटना आणि दारूबंदीसाठी झुंजणाऱ्या स्त्रिया एका मागणीपत्रावर उभ्या राहिल्या, तर नस्ती सरकवणाऱ्या हातांना कायमचा आदेश लिहावाच लागेल. २०२८ फार दूर नाही. त्या वर्षी जाब विचारायचा असेल, तर संघटनेला आजच कामाला लागले पाहिजे.