कुणाची गं तू?

स्टार वॉर्सची नऊ चित्रपटांची गोष्ट डिसेंबर २०१९मध्ये संपली, पण चाहत्यांचं भांडण काही संपलं नाही. एक गट म्हणतो, शेवट कसला भारी, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा म्हणतो, पार वाट लावली. माझी पंचाईत अशी की मी दोन्ही गटांत आहे. 'द राइज ऑफ स्कायवॉकर' बघताना मी रडलो आणि थिएटरबाहेर पडताना संतापलो. रडल्याबद्दल कुणी काही विचारत नाही. संतापाबद्दल मात्र दरवेळी ऐकून घ्यावं लागतं, "अरे, सिनेमाच आहे ना तो? सोड की आता."

नाही सोडत. का सोडत नाही, ते एकदाच नीट लिहून टाकतो. पोस्ट मोठी आहे. आणि शेवट फोडला म्हणून ओरडू नका, इतकी वर्षं दिली होती तुम्हाला.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जॉर्ज लुकसचा पहिला स्टार वॉर्स १९७७चा. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंकडे शेतीत राबणारा ल्यूक नावाचा पोरगा साम्राज्याविरुद्धच्या बंडात ओढला जातो. १९८३पर्यंत तीन चित्रपट आले, १९९९ ते २००५मध्ये तीन पूर्वकथा आल्या. २०१२मध्ये लुकसने आपली कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरच्या वर किमतीला विकली आणि डिस्नेने २०१५, २०१७ आणि २०१९मध्ये शेवटचे तीन काढले. या तिन्हींची नायिका रे. माझं भांडण तिच्यासाठी आहे.

रे आपल्याला पहिल्यांदा भेटते ती भंगार गोळा करताना. वाळूत पडलेल्या युद्धनौकांच्या सांगाड्यात शिरायचं, कामाचे भाग उचकटायचे, घासूनपुसून दुकानदाराकडे न्यायचे आणि तो देईल तेवढ्या शिध्यावर रात्र काढायची. आईबाप लहानपणीच सोडून गेलेले. ते परत येतील म्हणून ही भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजतेय.

२०१५चा चित्रपट संपला आणि पुढची दोन वर्षं जगभरचे चाहते एकच गोष्ट उकलत बसले. ही पोरगी कुणाची? ल्यूकची मुलगी? ओबी-वानची नात? एवढी ताकद आहे म्हणजे कुठल्यातरी मोठ्या घरातली असणारच. हे "असणारच" लक्षात ठेवा, सगळी मेख तिथे आहे.

२०१७मध्ये रायन जॉन्सनने 'द लास्ट जेडाय'मध्ये उत्तर दिलं. कुणाचीच नाही. आईबाप फालतू भंगारवाले, दारूच्या पैशांसाठी पोरीला विकून मोकळे झालेले. थिएटरात माझ्या बाजूचा मुलगा निराश होऊन "हॅट" म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या चित्रपटाची शेवटची चौकट आठवा. श्रीमंतांच्या जुगारनगरीतल्या तबेल्यात राबणारा एक पोरगा हात पुढे करतो, झाडू आपोआप त्याच्या हातात येतो आणि तो आकाशाकडे बघत उभा राहतो. त्या पोराचं आडनाव चित्रपटात कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

मला काटा का आला, तेही सांगतो. मी तालुक्याच्या गावातला. भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर पहिले तीन चित्रपट पाहिले, धड इंग्रजीही कळत नव्हतं. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की तिसरा प्रश्न "आडनाव काय?" हा असतो आणि तो का विचारतात हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं, सांगणाऱ्यालाही. गावात जत्रेला गेलं तर पारावरचे म्हातारे विचारतात, "कुणाचा रे तू?" त्यात मायाही असते, नाही असं नाही. पण उत्तरावर पुढचा सूर ठरतो. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला, हॉलिवूडच्या एवढ्या मोठ्या चित्रपटाने "कुणाची का असेना, ती आहे ना?" असं म्हणणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग आला २०१९. दिग्दर्शक पुन्हा जे. जे. एब्रम्स. आणि कळलं की रे पॅल्पटीनची नात आहे! म्हणजे ज्याला १९८३मध्ये खोल खाईत फेकून मारला होता त्या सम्राटाची. तो परत कसा आला याचं धड उत्तर चित्रपटात नाही. त्याच्या परतीची घोषणा तर एका व्हिडिओ गेममध्ये ऐकवली होती. पण तेही सोडा. तिचे भंगारवाले आईबाप? ते म्हणे खरे साधे नव्हतेच, पोरीला वाचवण्यासाठी मुद्दाम साधे होऊन राहिले होते. वा! गरिबीसुद्धा खरी नाही, तीही वेशांतर. एवढी ताकद आहे म्हणजे मोठ्या घरातली असणारच, हे चाहत्यांचं गृहीतक चित्रपटाने सही-शिक्क्यानिशी मान्य केलं.

शेवटच्या प्रसंगात रे ल्यूकच्या जुन्या घरी, वाळवंटात उभी आहे. एक म्हातारी येते, विचारते तू कोण. ही म्हणते, रे. म्हातारीचं समाधान होत नाही. रे कोण? पुढे काय? रे लांब बघते, ल्यूक आणि लेयाच्या छाया दिसतात आणि ती उत्तर देते, रे स्कायवॉकर.

बेचाळीस वर्षांची गोष्ट आडनाव सांगून संपली, राव.

आता कुणी म्हणेल, तिने रक्ताचं नाव टाकून मायेचं नाव घेतलं, हा तर घराणेशाहीला नकारच झाला. हा मुद्दा खरा आहे आणि मला तो पटावा असं फार वाटतं. गुरूचं नाव लावणं ही आपल्याकडेही परकी गोष्ट नाही. पण बघा, तिच्यापुढे पर्याय किती होते? एक खलनायकाचं घराणं आणि एक नायकाचं. नुसती "रे" हा तिसरा पर्याय तिने आधी उच्चारला होता आणि चित्रपटाने तो पुरेसा मानला नाही. म्हातारीला पुन्हा विचारायला लावलं.

दुसरा आक्षेप, स्टार वॉर्स पहिल्यापासून एका घराण्याचीच गोष्ट आहे, तुम्ही नवीन काय सांगताय? हेही अर्धंच. १९८०मध्ये डार्थ व्हेडर ल्यूकचा बाप निघतो, पण त्यात ल्यूकला मिळत काही नाही, होता तो अभिमानही जातो. घराणं तिथे ओझं आहे, प्रमाणपत्र नव्हे. आणि जेडाय कोण? पूर्वकथांप्रमाणे त्यांना लग्न करायची परवानगीच नव्हती. म्हणजे हजारो जेडाय आले ते कुठल्याकुठल्या सामान्य घरांतून. योडाचं घराणं कुणी विचारलं का? आणि खुद्द अनाकिन स्कायवॉकर? गुलाम बाईचा, बापाचा पत्ता नसलेला पोरगा. स्कायवॉकर हे मुळात शमी नावाच्या एका गुलाम बाईचं आडनाव आहे. रेने त्या घराच्या अंगणात शमीची आठवण काढून ते नाव घेतलं असतं, तर मी पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिचं नावही कुणी काढत नाही.

मग हे असं का झालं? स्टुडिओने अमुक कारणाने माघार घेतली असं कधी कबूल केलं नाही. पण पडदा खोटं बोलत नाही. जॉन्सनच्या चित्रपटात ल्यूक लाइटसेबर खांद्यावरून मागे भिरकावतो, तर पुढच्या चित्रपटात त्याची छाया तेच शस्त्र झेलून ते नीट वापरण्याबद्दल उपदेश करते. जॉन्सनने कायलो रेनचा मुखवटा फोडला, एब्रम्सने तो जोडला. जॉन्सनच्या चित्रपटातली जहाज शत्रूवर घालण्याची युक्ती एका वाक्यात लाखात एखादी म्हणून उडवून लावली. आणि रेचे आईबाप बदलले. खुद्द डेझी रिडलीने २०२०मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की रे कुणाची हे चित्रीकरण चालू असतानाही बदलत होतं. चार अब्ज डॉलर मोजले आणि पोरगी कुणाची हे ठरवलं नव्हतं!

मधल्या दोन वर्षांत काय झालं, तेही बघा. 'द लास्ट जेडाय'वरची काही टीका योग्य होती. जुगारनगरीचा भाग लांबलाय, ल्यूकचं कडवटपण अनेकांना झेपलं नाही, हे मी समजू शकतो. पण त्या गदारोळातला एक भाग सिनेमाबद्दल नव्हताच. रोझ टिकोची भूमिका करणारी केली मेरी ट्रॅन, व्हिएतनामहून आलेल्या निर्वासितांची मुलगी. तिच्या दिसण्यावरून, वंशावरून इतका गलिच्छ छळ झाला की २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या चित्रपटात रोझ पडद्यावर किती आहे? दीड मिनिटसुद्धा नाही. कॅरी फिशर २०१६मध्येच गेली होती, तिच्या जुन्या चित्रणाबरोबर रोझचे प्रसंग जमले नाहीत, असं कारण दिलं गेलं. असेलही. पण छळणाऱ्यांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल? आपण जिंकलो. जॉन बोयेगाचा फिन घ्या. लहानपणी पळवून नेलेला, नावाऐवजी नंबर दिलेला, बंदूक टाकून पळालेला सैनिक. याहून मोठी "कुणाचाच नाही" अशी गोष्ट कुठली? तोही कडेला गेला, आणि काळ्या माणसाचं पात्र जाहिरातीत मोठं करून मग बाजूला सारू नका, असं २०२०मध्ये बोयेगाला जाहीर सुनवावं लागलं.

माझा राग इथे आहे. प्रेक्षकांचं ऐकावं, पण ओरडणारे म्हणजे प्रेक्षक नव्हेत. ज्यांना जॉन्सनचा चित्रपट आवडला ते गप्प घरी गेले, कारण आवडल्यावर माणूस मोर्चा काढत नाही. गावच्या सभेतही हेच होतं, जो टेबल आपटतो त्याचं मत ठरावात लिहिलं जातं. बरं, शरण जाऊन धंदा तरी वाढला का? २०१५च्या चित्रपटाने जगभरात दोन अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला, जॉन्सनच्या "वादग्रस्त" चित्रपटाने साधारण १.३३ अब्ज, आणि सगळ्यांना खूश करायला निघालेल्याने १.०७ अब्ज. सगळ्यांना खूश करू पाहणाऱ्याचं काय होतं, हे सांगायला हॉलिवूड कशाला पाहिजे?

आता रडलो कुठे, तेही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसताच किरकिऱ्या. लेया गेल्याचं कळल्यावर च्युबाका गुडघ्यांवर कोसळून हंबरतो तिथे. १९७७मध्ये सगळ्यांना पदकं मिळाली आणि त्याला मिळालं नव्हतं, ते इतक्या वर्षांनी त्याच्या हातात पडतं तिथे. बापाला मारलेला बेन सोलो मनातल्या बापाशी बोलतो तिथे. जॉन विल्यम्सने नऊच्या नऊ चित्रपटांना संगीत दिलं, ते शेवटचं वाजतं तिथे. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच राग जास्त आहे. वाईट सिनेमावर कोण रागावतं? आपण झोपतो. ज्या घरात जीव अडकलाय त्याच घराशी माणूस भांडतो.

२०२३मध्ये लंडनला घोषणा झाली की रे पुन्हा येणार आहे, डेझी रिडलीच काम करणार आणि ती नवे जेडाय घडवणार. मला त्या चित्रपटाकडून एकच गोष्ट हवी आहे. तिच्या दारात पहिला शिष्य म्हणून तो झाडूवाला पोरगा उभा राहू दे. आणि रेने त्याला नाव विचारावं, भूक लागलीय का विचारावं, काय येतं ते विचारावं. कुणाचा, ते विचारू नये.

पटलं नसेल तर खाली भांडा, मी आहे. फक्त "सिनेमाच आहे ना" एवढं म्हणू नका. आपली पोरं आज पडद्यावर जे बघतात, त्यावरूनच उद्या ठरवतात की या गोष्टीत आपल्याला जागा आहे की नाही.