पाठीखालची थंडी

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्याने रचली, तो जमिनीवर निजणारा असला पाहिजे. दोन झाडांमध्ये बांधलेल्या कापडी झोळीत निजणाऱ्याने पाय पसरायचे ते तिरके! झोळीत अगदी सरळ निजले, की पाठीचे धनुष्य होते. जरा कोनात निजले, की पाठ सपाट राहते.

येत्या डिसेंबरात आमची कन्या मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला अशाच झोळीत दोन रात्री काढणार आहे. तिच्या आईने आतापासूनच दोन जाड रजया काढून ठेवल्या आहेत. ‘एक अंगाखाली, एक अंगावर,’ असा हुकूम सुटला आहे. आईच्या मायेपुढे बोलण्याची माझी काय प्राज्ञा? पण थंडीची रीत निराळी.

ऊब राखते ती रजईच्या कापसात कोंडलेली हवा. अंगाखाली रजई दडपली, की ती हवा निघून जाते आणि झोळीखालून वाहणारा वारा पाठीला भिडतो. मूळ ही झोळी कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांची. १४९२ साली कोलंबसाने ती तिथे पाहिली. उकाड्याच्या त्या मुलखात पाठीखालचा वारा हे सुख. सह्याद्रीतल्या पहाटे तोच वैरी!

म्हणून खालचे पांघरूण झोळीच्या बाहेरून, तिला हलकेच टेकेल असे टांगावे. ते न जमले, तर झोळीत फोमची चटई घालावी. ती वजनाने फारशी दबत नाही. अंगावर लोकरीची घोंगडी बरी. दवाने दमट झाली, तरी ती सुती गोधडीसारखी गारठत नाही.

ताडपत्री झोळीच्या दोन्ही टोकांपुढे हातभर तरी यावी आणि वाऱ्याच्या बाजूने खाली ओढून बांधावी. झोळीच्या दोन्ही दोरांना, ताडपत्रीच्या आडोशात, एकेक सुतळी लोंबती सोडावी. दोरावरून ओघळणारे पाणी मग तिथेच ठिबकते. अंथरुणापर्यंत पोचत नाही. झाडे मात्र जिवंत आणि दणकट पाहावी. वर वाळकी फांदी नको.

लेकरांच्या अंगावर पांघरूण घालण्याची आपणा आईबापांना सवयच असते. सहलीची पिशवी भरताना त्यांच्या पाठीखाली काय आहे, तेही एकदा पाहावे.