फाळ कुठला, यापेक्षा शिकार कशाला?

अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये एक वाद कायम रंगतो: हरणावर सोडायच्या बाणाला स्थिर पात्यांचा फाळ लावावा की आघात होताच उघडणाऱ्या पात्यांचा? उघडणारा फाळ हवेत मिटलेला असतो, म्हणून बाण सरळ जातो. जखमही रुंद होते. पण पाती उघडण्यात जोर खर्ची पडतो आणि बाण तिरका हाडावर बसला तर ती दगा देऊ शकतात. हलक्या धनुष्याला स्थिर पातंच बरं. नेम चुकला तर मात्र दोन्ही सारखेच क्रूर. जनावर जखमी होऊन पळतं आणि झुडपात तडफडत मरतं.

कोल्हापुरात या वादाला जागा नाही, नसावीही.

संस्थानकाळात इथे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची; खुद्द शाहू महाराजांना तिचा षोक होता. दाजीपूरच्या ज्या रानात राजघराण्याची शिकार चाले, तिथे 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली हौसही संपवली. अभयारण्यात शिकार केली तर किमान 3 वर्षं कैद! तरी फासे आणि गावठी बॉम्ब लावणारे आहेतच. त्यात शिकारी फाळांची भर कशाला? त्यांच्या विक्रीवर नजर हवी.

धनुष्य हाती घ्यायचंच तर जवळच्या साताऱ्याकडे बघावं. तिथली अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला, 17 व्या वर्षी, तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. 50 मीटरवरच्या कागदी लक्ष्याला पाती लागत नाहीत. कोल्हापूर महापालिकेने त्यासाठी एखादं मैदान राखून द्यावं.