मैदान बांधले, राखायचे कोणी?

म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी. तेव्हा हा सारा परिसर पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर होता. बालेवाडी १९९७ मध्ये हद्दीत आली, मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे २०२१ मध्ये. स्पर्धेची तारीख ठरली की तिजोरीची कुलुपे आपोआप उघडतात, हा आपल्याकडील जुना अनुभव. २००८ मध्ये येथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तेव्हाही पुन्हा तेच घडले. मधल्या चौदा वर्षांत मात्र पोहण्याचे तलाव शुद्ध राखणे, कृत्रिम धावपट्टी झिजल्यावर बदलणे, विजेचे देयक भरणे ही नित्याची कामे होतीच. पण त्यांना ना उद्‍घाटन असते, ना कोनशिला.

अर्थशास्त्रात भांडवली व महसुली खर्च असा भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो. आमचे राज्यकर्ते तो विसरले आहेत असे नाही. उलट, तो त्यांच्या फार चांगला ध्यानात आहे, म्हणूनच ते पहिला करतात आणि दुसरा टाळतात. तालुका क्रीडासंकुलासाठीची अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटींवर नेण्यात आली, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु इमारत उभी राहिल्यावर पहारेकरी आणि प्रशिक्षक यांचे वेतन कोठून यायचे? मग संकुल समितीने गाळे भाड्याने द्यावेत, वर्गणी वाढवावी, असे सुचविले जाते. ज्या शेतमजुराच्या मुलासाठी हे मैदान, त्यालाच ती वर्गणी परवडत नाही.

खाजगी भांडवलाकडे बोट दाखविणाऱ्यांनी गहुंज्याकडे पाहावे. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवरून महापालिकेशी न पटल्याने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने शेजारच्या मावळात कर्ज काढून स्वतःचे मैदान बांधले. ते २०१२ मध्ये खुले झाले. सहारा समूहाशी नावाच्या हक्काचा दोनशे कोटींच्या घरातला करार झाला. हप्ते थांबले, नाव उतरवावे लागले, कर्ज मात्र राहिले. क्रिकेटसारख्या धनवान खेळाची ही गत, तर खो-खोच्या मैदानाला प्रायोजक कोण देणार? सरकारी यजमानपदही बिनधोक नसते. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे ऋण फिटायला २००६ साल उजाडले, आणि त्याचा मोठा भार तंबाखूवरील कराने, म्हणजे सामान्य धूम्रपान करणाऱ्यांनी वाहिला.

तथापि पैसा नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. बालेवाडी, बाणेर, म्हाळुंगे, हिंजवडी या पट्ट्यातील जमिनीचे भाव गेल्या तीस वर्षांत कोठल्या कोठे गेले, हे पुणेकराला सांगायला नको. ती वाढ केवळ संकुलामुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि महामार्ग यांचा वाटा मोठा आहे. पण रस्ते, पाणी, मैदाने यांवर सार्वजनिक पैसा ओतला गेला, आणि भाववाढ मात्र प्रामुख्याने खाजगी खिशात गेली, हे नाकारता येणार नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात अशा वाढीचा हिस्सा नगररचना योजनेतून वसूल करण्याची तरतूद आहे. माण-म्हाळुंगे येथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सुमारे अडीचशे हेक्टरांची अशी योजना आखलीही. या वसुलीचा ठराविक भाग क्रीडांगणांच्या कायम देखभाल निधीत, फक्त व्याज खर्चण्याच्या अटीवर, जमा का होऊ नये?

मुळशीला हा प्रश्न परका नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच, जमीन मावळ्यांची बुडाली आणि वीज मुंबईला गेली. पौडच्या पुढच्या खोऱ्यातून आमच्या महाविद्यालयात येणारी मुले आजही डांबरी रस्त्याच्या कडेने धावण्याचा सराव करतात, पहाटे, वाहने वाढण्याआधी. त्यांच्याच तालुक्याच्या वेशीवर असलेल्या धावपट्टीवर त्यांना रोज सकाळी विनामूल्य एक तास मिळावा, एवढी तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार, हे अर्थखात्याने सांगावे.