म्हाताऱ्या माणसाचा मोबाईलवर गोंधळ होतोय? रागावण्याआधी हे बघा

गोरेगाव (ता. सेनगाव) : समजा, रोज मोबाईलवर हळदीचा भाव बघणारे आजोबा अलीकडं एकच मेसेज चार-चार वेळा पाठवतात. फोनपेचा पिन सारखा विसरतात. एकाच दुकानदाराला दोनदा पैसे जातात. घरचे म्हणतात, "वय झालं, फोन काढून घ्या." इथंच चूक होते.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, बहुतेक वेळा हळूहळू येतो. हिशेब, लक्ष, पायरीपायरीनं काम करणं हे आधी ढिलं पडू शकतं. मोबाईलवर पैसे पाठवायला नेमकं हेच लागतं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढं हा आजार निघालेल्या लोकांची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासून थकायला लागल्याचं दिसलं.

हा शहरातला आजार आहे असं समजू नका. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायांमध्ये प्रमाण जास्त निघालं.

पण आपल्याकडं एक अडचण आहे. कितीतरी आज्या-आजोबांनी स्मार्टफोन कधी शिकलाच नाही. त्यांना तो जमत नाही म्हणून आजारी ठरवू नका. एखाद्या वेळी पिन तर तरण्या पोरालाही आठवत नाही. तुलना त्याच माणसाच्या मागच्या वर्षाशी करा. आधी सहज जमायचं ते आता वरचेवर अडतंय का? ओळखीच्या नंबरवर फोन लावताना गोंधळ होतो का? तेच पुन्हा पुन्हा विचारतात का?

असं दिसलं तर डॉक्टरला दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही गोळ्या यांनीही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. मोबाईल बघून आजाराचं निदान होत नाही. तो फक्त इशारा देतो.

फोन हिसकावला तर पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकरांशी बोलणंही तुटतं. त्यापेक्षा त्यांना विचारून पैसे पाठवायची मर्यादा कमी करा, मोठा व्यवहार सोबत बसून करा. ओटीपी कुणाला सांगून फसवणूक झालीच, तर लगेच १९३० ला फोन करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे नंबर मोफत आहेत. आजच सेव्ह करून ठेवा.